एकोणसाठचे एकोणसत्तर

रविवार, ४ ऑक्टोबर १९८७. पिस्कॅटवे.

१७ सप्टेंबरच्या नोंदीत एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. तिथे मी लिहिलंय, 'तेसीने आकडे वाचताना घाई केली असावी.' तेसीने ते आकडे वाचलेच नव्हते. १२ मार्चला, गुरुवारी, ती रजेवर होती. तिच्या मुलीचा कान ठणकत होता. आकडे नंदामावशीने वाचले, इथे, जेवणाच्या टेबलाशी बसून, आणि मी उतरवून घेतले.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. तरी मी तिच्यात खोटं लिहिलं, आणि लिहिताना ते खोटं वाटलंही नाही. म्हणून आता सगळं क्रमाने लिहिते.

आमची संस्था फिलिपीन्सची लोकसंख्या आणि तिथलं आरोग्य यांची पुस्तिका छापते आहे. कुठल्या बेटावर किती माणसं, किती जन्म, पहिल्या वाढदिवसाआधी किती बाळं गेली, सुईण किती लांब राहते, असं सगळं. माझ्याकडे एकच बेट होतं, सव्वीस तालुक्यांचं. (तिथे त्यांना तालुके म्हणत नाहीत. मी म्हणते.) प्रत्येक तालुक्यात सारख्याच संख्येने घरं निवडून बायकांना विचारलं होतं, आणि हाताने भरलेले ते कागद आमच्याकडे आले. एकीने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसरीने शीटवर उतरवायचा, खाली दोघींनी सही करायची, हा नियम. कागद ऑफिसबाहेर न्यायचे नाहीत, हाही नियम. वाचणार तेसी, लिहिणार मी.

१३ मार्चला शीट द्यायची होती. बाळांच्या मृत्यूंचीच तेवढी राहिली होती. मी कागद पिशवीत घालून घरी आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी शीट देताना वाचणारीच्या सहीची जागा रिकामी दिसली. तिथे मी 'टी. एम.' लिहिलं. तेरेसीता मागनो. दोनच अक्षरं.

सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनहून विचारणा आली. ज्यांच्यासाठी ही पुस्तिका चालली आहे, त्या कार्यक्रमाच्या लोकांनी बेरीज करून पाहिली होती. सव्वीस तालुक्यांची बेरीज बेटावरून वेगळ्या आलेल्या एकूण आकड्यापेक्षा चाळीसने जास्त भरते. चाळीस बाळं जास्त मेलेली. डॉ. चांदोरकर आमचे विभागप्रमुख. घरी ते पुरुषोत्तमकाका, मावशीचे नागपूरपासूनचे स्नेही. ही नोकरी मला त्यांच्यामुळे मिळाली. त्यांनी शीट काढली, खालच्या सह्या पाहिल्या, चूक वाचणारीची धरली आणि परवा, शुक्रवारी, तेसीला कामावरून कमी केलं.

ती टेबल आवरत होती तेव्हा मी शार्पनर फिरवत होते. सात पेन्सिली टोकदार केल्या.

मावशी वाचताना एखादी ओळ चुकली असावी. माझ्यासाठी तिने दोन तास घालवले, तिला दोष देणं बरं नाही, पण तसंच झालं असणार.

बुधवार, ७ ऑक्टोबर

तेसीच्या खुर्चीवर कोणीतरी फोनच्या डिरेक्टऱ्या रचून ठेवल्या आहेत.

तिला मी 'आते' म्हणायचे. तिच्या भाषेत थोरल्या बहिणीला आते म्हणतात. पहिल्या आठवड्यात तिने सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी म्हटलं, आमच्यात आते म्हणजे वडिलांची बहीण. ती म्हणाली, "म्हणजे तू मला एका शब्दात वीस वर्षांनी म्हातारी केलीस." तरी तेच नाव राहिलं.

ती त्याच बेटावरची. अठरा वर्षं सुईण होती, सरकारी प्रशिक्षण घेतलेली. इथे नर्सिंगची परीक्षा द्यायची म्हणून आकडे वाचायचं काम करत होती. कधीकधी एखाद्या कागदावर हात ठेवून थांबायची. एकदा म्हणाली, "या बाईने तीन मुलं सांगितली आहेत. तिला असं विचारायला नको होतं. किती वेळा कळा आल्या, असं विचारायला हवं. बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ आमच्याकडे कोणी मोजत नाही." मी म्हटलं, आते, आपल्याला जे लिहिलंय तेच उतरवायचं आहे. ती म्हणाली, "माहीत आहे. म्हणून तर जे लिहिलंय तेवढं तरी नीट उतरव."

रविवार, ११ ऑक्टोबर

पुरुषोत्तमकाका आणि कांचनकाकू जेवायला आले होते. ऑफिसचा विषय निघेल म्हणून मी सकाळपासून धास्तावले होते. निघाला नाही. काकांनी उलट बाबांचा विषय काढला, आणि मला वाईट वाटलं.

"तुझ्या बाबांचे ते आकडे अजून चालू आहेत का गं?" त्यांनी विचारलं. "नंदा सांगत होती."

मावशीने कधीतरी गंमत म्हणून सांगितलं असणार. बाबा धरणाच्या कामावर ओव्हरसियर होते. वसाहतीत शाळा नव्हती. दहा वर्षांची होईपर्यंत त्यांनीच मला घरी शिकवलं. मराठी आकड्यांवर त्यांचा राग होता. अठ्ठावन्न झाल्यावर माणसाने साठाचं नाव का घ्यावं, अजून एक पायरी आहे ना, असं म्हणायचे. म्हणून आमच्या घरात एकोणसाठ नव्हतं. 'पन्नास नऊ' होतं. 'वीस नऊ', 'तीस नऊ'. माझी बेरीज-वजाबाकी कधी चुकली नाही. पाचवीत शाळेत गेले आणि पहिल्याच दिवशी बाईंनी एकोणसत्तर लिहायला सांगितले, तेव्हा वर्ग किती हसला ते अजून ऐकू येतं.

"मग एकोणनव्वद म्हणजे किती?" काका म्हणाले. "पटकन सांग. विचार नाही करायचा."

"नाइन्टी नाइन," मी म्हणाले.

काकू आणि मावशी हसल्या. "अगं, एटी नाइन," काकू म्हणाल्या. "आमचा अमित असं करतो. पण तो इथे जन्मलाय, त्याला माफ आहे."

काका हसले नाहीत. वाटीतली आमटी ढवळत राहिले. मग म्हणाले, "असं होय," आणि मावशीकडे अजून एक पोळी मागितली.

इतक्या वर्षांनी, इतक्या लांब येऊनही कोणी बाबांची थट्टा केली की मी लहान होते. काकांकडून ही अपेक्षा नव्हती.

शनिवार, १७ ऑक्टोबर

मार्चमध्ये कागद परत करण्याआधी मी वाचनालयाच्या मशीनवर त्यांच्या प्रती काढून ठेवल्या होत्या. नियमाबाहेरचं आणखी एक काम. पण मी काहीही टाकत नाही, तशा त्याही कपाटात राहिल्या होत्या. आज सकाळी त्या प्रती आणि पुस्तिकेचं कच्चं पान शेजारी शेजारी ठेवलं. कुठली ओळ मावशीने गाळली ते पाहायचं होतं.

एकही ओळ गाळलेली नाही.

बावीस तालुके बरोबर आहेत. चार चुकले आहेत. कागदावर २९, माझ्याकडे ३९. कागदावर ३९, माझ्याकडे ४९. मग ४९ आणि ५९. मग ५९ आणि ६९. चार वेळा दहा.

मी स्वयंपाकघरात गेले. मावशी कोथिंबीर निवडत होती. कागद तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, एवढे चार वाच.

"एकोणतीस," ती म्हणाली. "एकोणचाळीस. एकोणपन्नास. एकोणसाठ. का गं? बी.ए. आहे मी, वाचता येतं मला."

तिचा प्रत्येक आकडा बरोबर होता. ती 'साठ' म्हणाली आणि माझ्या हाताने सहा लिहिला. शेवटी नऊ आहे हे कळत होतं, म्हणून पुढे नऊ लिहिला. ऑफिसात हे झालं नसतं. तेसी 'फिफ्टी नाइन' म्हणते. तिथे उडी मारायला जागा नाही.

म्हणजे आधी मी तेसीला दोष दिला, मग मनात मावशीला. आता तिसरं कोणी उरलेलं नाही.

सकाळपासून काही खाल्लेलं नाही. हे लिहिण्यासारखं आहे का माहीत नाही.

मंगळवार, २० ऑक्टोबर

काकांना सांगितलं. कालच सांगणार होते, काल त्यांच्या खोलीसमोरून तीनदा गेले.

त्यांनी दार लावलं आणि मराठीत बोलू लागले. ऑफिसात ते माझ्याशी कधी मराठीत बोलत नाहीत. म्हणून मला बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

मी सांगत असताना त्यांना एकदाही आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. किती शांत माणूस, असं मला वाटलं.

"पान छापायला गेलंय," ते म्हणाले. "एकूण आकडा मीच चाळीसने वाढवलाय. फील्डवाल्यांची बेरीज चुकली होती असं कळवून टाकलं. आता सगळं टॅली होतं."

"पण बेरीज त्यांची बरोबर होती."

"लतिका, तू फार लिटरल आहेस. अशा सर्व्हेत दहा-वीस इकडे तिकडे असतंच. उद्या पुन्हा विचारलं तर त्याच बायका वेगळं सांगतील."

"काका, कार्यक्रमाची माणसं यावरून दहा तालुके निवडणार आहेत. जिथे सगळ्यात जास्त बाळं गेली, तिथे सुईणींचं प्रशिक्षण आणि गरोदर बायकांना धनुर्वाताची लस. आठव्या तालुक्यात एकोणचाळीस होती, मी एकोणपन्नास केली. तो दहात आला. चौदाव्यात चव्वेचाळीस आहेत. तो बाहेर गेला."

हे बोलताना मी 'एकोणचाळीस' आणि 'एकोणपन्नास' न अडखळता म्हणाले. आता काय उपयोग.

"तो पुढच्या वेळी येईल," काका म्हणाले.

"आणि तेसी?"

"तिचं कॉन्ट्रॅक्ट येत्या जूनमध्ये संपणारच होतं. ती हुशार बाई आहे, तिला काही कमी पडणार नाही. तू तुझं बघ. प्रॅक्टिकल ट्रेनिंग डिसेंबरअखेर संपतंय ना तुझं? पुढच्या व्हिसाच्या पत्रावर डायरेक्टरची सही लागेल. मी तो मजकूर आजच टाइप करायला देणार होतो."

मी 'थँक यू काका' म्हणाले. खरंच म्हणाले.

रविवार, १ नोव्हेंबर

बारा दिवस लिहिलं नाही. (अकरा. २० तारीख धरून बारा.)

मधे मंडळाची दिवाळी झाली, शाळेच्या हॉलमध्ये. मी रांगोळी काढली, लोकांनी छान म्हटलं. पुस्तिका छापून आली. निळं कव्हर आहे. पान ३१ उघडलं नाही.

शनिवार, १४ नोव्हेंबर

तेसी एडिसन गावातल्या वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये लागली आहे असं ऑफिसात कळलं होतं. बसने गेले. मला वाटलं होतं ती वॉर्डात असेल. रिसेप्शनवरच्या बाईने तळघराचा जिना दाखवला.

ती धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मला पाहून थांबली नाही. म्हणाली, "ते टोक धर. एकटीने या मोठ्या घालता येत नाहीत."

मी टोक धरलं. दहा-बारा चादरी झाल्यावर मी विचारलं, "आते, तुम्ही इथे खाली का?"

"वर औषधांचा चार्ट भरावा लागतो. कुणाला किती गोळ्या, किती वाजता. त्यांनी माझ्या जुन्या ऑफिसला फोन केला. नोंदींच्या बाबतीत हिच्यावर भरवसा ठेवू नका, असं ऑफिसने सांगितलं. परीक्षेच्या अर्जालाही त्याच ऑफिसचं पत्र लागतं. मग इथे. चादरी मोजायच्या नसतात."

"तुम्ही त्या गुरुवारी रजेवर होता. का नाही सांगितलंत?"

"सांगितलं ना. डॉ. चांदोरकरांनी शीट दाखवली. मी म्हटलं, सही सुरेख आहे, पण माझी नाही. ते म्हणाले, मग कुणाची? मी म्हटलं, मला काय माहीत."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

ती पहिल्यांदा हसली. "लतिका, त्या टेबलाशी दोन माणसं बसायची. तेवढं मला मोजता येतं."

चादरीचं टोक हातातून सुटलं, तिने ते उचलून परत माझ्या हातात दिलं.

"मला वाटलं, तू सांगशील," ती म्हणाली. "शुक्रवारी मी पाच वाजेपर्यंत आवरत बसले. माझं सामान एका खोक्यात मावत होतं. दहा मिनिटांचं काम. तू पेन्सिलींना टोकं करत होतीस."

मी एकोणसाठचं सगळं सांगितलं. बाबांचं, मावशीचं, चार आकड्यांचं. तिने लक्ष देऊन ऐकलं, सुईण ऐकत असेल तसं. मग विचारलं, "बाहेर गेलेला तालुका कुठला?"

मी चौदावा म्हणाले. नाव सांगितलं.

"तिथे मी दोन वर्षं होते," ती म्हणाली. "बांबूच्या पातीने नाळ कापतात. चांगल्या बायका आहेत. कोणी दाखवलं तर शिकतात."

मग ती म्हणाली, सुपरवायझर येईल, आता जा. मी जिन्याशी गेल्यावर माफ करा म्हणाले. मशीन चालू होतं, तिला ऐकू आलं असेल का माहीत नाही. मोठ्याने म्हणायला हवं होतं. मी परत गेले नाही.

रविवार, २२ नोव्हेंबर

मावशीला सांगितलं. तिचं पहिलं वाक्य असं होतं, "माझं नाव येईल का त्यात?"

मग तिला स्वतःचीच लाज वाटली. म्हणाली, "येऊ दे. मी काय, वाचलंच होतं नुसतं." थोड्या वेळाने म्हणाली, "पुरुषोत्तमला आधी सांगून ठेव हं. तो अडचणीत येईल, एकूण आकडा त्याने बदललाय ना. वीस वर्षांचे संबंध आहेत. आणि तुला परत जावं लागलं तर ताईला काय सांगू मी?"

ताई म्हणजे माझी आई.

मी म्हटलं, "मावशी, काकांना त्या रविवारीच कळलं होतं का गं? एकोणनव्वद विचारलं तेव्हा?"

मावशी उठून गॅस बारीक करायला गेली. गॅस चालू नव्हता.

म्हणजे ते बाबांची थट्टा करत नव्हते. त्यांनी माझी परीक्षा घेतली, उत्तर मिळालं आणि ते खिशात ठेवलं. मी मात्र सहा आठवडे त्यांच्यावर बाबांसाठी रागावले होते. रागावायचं कारणसुद्धा मला बरोबर उतरवता आलं नाही.

शनिवार, २८ नोव्हेंबर

ऑफिस परवा, गुरुवारपासून थँक्सगिव्हिंगसाठी बंद आहे. बुधवारी निघताना सेक्रेटरीने सांगितलं, "तुझं व्हिसाचं पत्र तयार आहे. डायरेक्टर सोमवारी दुपारी सह्या करतील." दहा तालुके ठरवणारी बैठक वॉशिंग्टनला गुरुवारी, ३ डिसेंबरला आहे.

कालचा आणि आजचा दिवस मी डायरेक्टरना एक अर्ज लिहिण्यात घालवला. चार वेळा लिहिला. पहिल्यात बाबांबद्दल दीड पान होतं. ते काढलं. बाबांनी मला दुसऱ्याची सही करायला शिकवलं नव्हतं. दुसऱ्यात 'अनवधानाने' असा शब्द तीनदा होता. आकडे अनवधानाने चुकले, सही नाही. आता एकच पान उरलंय. १२ मार्चला कागद मी घरी नेले. टी. एम. ही सही मी केली. चार आकडे मी चुकवले, ते असे आहेत. श्रीमती मागनो त्या दिवशी रजेवर होत्या, रजेचं रजिस्टर पाहावं. हे मी २० ऑक्टोबरला विभागप्रमुखांना सांगितलं होतं. त्यांच्याबद्दल पुढे काही लिहिलं नाही. एकूण आकडा कोणी बदलला ते विचारलं तर सांगीन. विचारलं नाही तरी सांगायला हवं का, हे अजून ठरलेलं नाही. ठरलंय. सांगीन.

त्याने तेसीला वरचं काम मिळेलच असं नाही. अठ्ठावन्न दिवस ती तळघरात आहे, ते परत येणार नाहीत. (हे बरोबर नाही. ऑफिसातून जाऊन सत्तावन्न झाले. तळघरात कधीपासून आहे ते मी विचारलंच नाही.)

मावशी मघाशी दारात येऊन म्हणाली, "ड्राइव्ह करून सोडू का तुला त्या दिवशी?" कुठला दिवस ते तिने विचारलं नाही. मी हो म्हटलं.

आता दिवस. मी वर एका ओळीत आधी 'मंगळवार, १ डिसेंबर' असं लिहिलं होतं. बैठकीच्या दोन दिवस आधी, भरपूर वेळ, घाई नको, असं स्वतःला समजावलं होतं. मग दिसलं की सह्या सोमवारी दुपारी आहेत. मंगळवारी गेले तर पत्र हातात असेल. मी ते न कळता लिहिलं की कळून, हे सांगता येत नाही, आणि १७ सप्टेंबरलाही सांगता येत नव्हतं.

ती ओळ खोडली आहे. डायरेक्टर डॉ. व्हिटकॉम्ब बाई नऊला येतात, पत्र त्यांच्या टेबलावर सही न झालेलं असेल.

जायचा दिवस: सोमवार, ३० नोव्हेंबर १९८७, सकाळी नऊ.